मदत हवी आहे: पेनेलोपीच्या मागाचा टॅटू करायचाय, पण "उसवणं" चित्रात कसं दाखवायचं?

नमस्कार मंडळी, इथे टॅटू काढलेले बरेच जण आहेत आणि ग्रीक पुराणकथा आवडीने वाचणारेही आहेत म्हणून विचारतेय. जरा लांबण लागणार आहे पण प्लीज पूर्ण वाचा.

पहिलाच टॅटू आहे. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट. विषय पक्का आहे, त्यात बदल नाही, पेनेलोपी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, होमर या ग्रीक कवीच्या ओडिसी महाकाव्यातली गोष्ट आहे, ओडिसियस ट्रॉयला लढायला गेला, 10 वर्षं युद्ध आणि पुढची 10 वर्षं परतीच्या वाटेवर, आणि इथाका बेटावर त्याची बायको पेनेलोपी लहानग्या टेलेमाकसला घेऊन घर सांभाळत राहिली. तो मेलाच असणार असं धरून 108 जण तिच्याशी लग्न करायला म्हणून घरात येऊन बसले, तिथेच खातायत पितायत, गुरं कापतायत. तेव्हा ती म्हणाली की म्हाताऱ्या सासऱ्यांसाठी, लाएर्टीससाठी, कफनाचं कापड विणतेय, तेवढं पुरं होऊ द्या मग निवड करते. दिवसभर विणायची आणि रात्री मशालीच्या उजेडात विणलेलं उसवून टाकायची. 3 वर्षं कोणाला पत्ता लागला नाही, चौथ्या वर्षी घरातल्याच दासीने फोडलं.

आता हीच का, ते सांगते. मी सीए फायनल पाचव्या अटेम्प्टला पास झाले. तेवढी वर्षं घरात स्थळं येत होती, मे गेला की नोव्हेंबर, नोव्हेंबर गेला की मे, आणि प्रत्येक वेळी "एवढा अटेम्प्ट होऊ दे मग बघू". पण खरं उसवायचं काम माझ्या आईने केलंय. ती घरी ब्लाउज शिवते. रात्री अकराला मी हॉलमध्ये पुस्तकं पसरून बसलेली आणि ती मशीनपाशी अर्ध्या ब्लेडने कोणाचा तरी चुकलेला बाहीचा टाका एकेक करून कापत बसलेली, आणि त्यातच हळू आवाजात मला सांगायची, अगं त्या नाशिकच्यांना कळवलं मी, पत्रिका जुळत नाही म्हणून. पत्रिका तिने कोणाला दाखवलेलीच नसायची. दिवसा सगळ्यांसमोर स्थळाची माहिती घ्यायची, फोटो मागवायची, नातेवाईकांना बरं वाटायचं, आणि रात्री ते सगळं गुपचूप मोडून टाकायची. शेवटी मावशीच्या लक्षात आलं आणि घरात मोठं भांडण झालं, पण तोवर माझा शेवटचा ग्रुप (पेपरांचा गट) निघाला होता. ही गोष्ट मी ओडिसीच्या भाषांतरात वाचली तेव्हा पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले आणि आईला वाचून दाखवली.

म्हणून मला वाट बघणारी पेनेलोपी नकोय. प्रॉब्लेम इथेच आहे. आर्टिस्टकडे गेले तर त्याच्याकडे मेड्यूसा आहे, झ्यूस आहे, इकॅरसचे पंख आहेत, आणि पेनेलोपी म्हणून जे काही सापडतं त्यात ती गालावर हात ठेवून समुद्राकडे बघत बसलेली. ही पोझ जुनीच आहे तशी. इटलीत टस्कनीमधल्या किउझीच्या म्युझियममध्ये दोन कानांचा एक प्याला आहे, स्कायफॉस म्हणतात त्याला, इसपू 440 च्या आसपासचा, त्यावर ती अशीच बसलीय, पायावर पाय, मान खाली, समोर टेलेमाकस भाले घेऊन उभा. पण त्या चित्रात मला सगळ्यात आवडतो तो मागचा माग! उभा माग आहे, आपल्या हातमागासारखा आडवा नाही. वर आडवी दांडी, तिच्यावर विणलेलं कापड गुंडाळलेलं, तिथून ताण्याचे म्हणजे उभे धागे खाली लोंबतायत आणि ते ताठ राहावेत म्हणून खाली वजनं बांधलेली. म्हणजे विणकाम वरून खाली येतं. कापडावर पंखवाल्या प्राण्यांची नक्षीची पट्टी पण आहे.

माझी आयडिया अशी की बाई काढायचीच नाही, फक्त माग. कोपराकडे दांडी, मनगटाकडे लोंबते धागे. पण अर्धवट विणलेलं कापड काढलं तर बघणाऱ्याला ते विणणं वाटेल, उसवणं कसं कळणार? दोन्ही चित्रं सारखीच दिसतात ना. (तिच्या युक्तीचं मर्म तेच होतं म्हणा, पण मला हातावर ते दिसायला हवंय.)

दुसरं, आर्टिस्ट म्हणाला एवढे बारीक धागे जवळजवळ घेतले तर काही वर्षांनी शाई पसरून सगळं एक होईल. हे मला पटतं कारण माझ्या आजीच्या हातावर गोंदण आहे, तुळशीवृंदावन, आता तो नुसता हिरवट निळा ठसा उरलाय, ती सांगते तेव्हाच कळतं की ही पायरी आणि हे पान.

तिसरं, नाव ग्रीक लिपीत लिहावं का? आणि आई म्हणते मध्ये एखादं घुबड काढ, अथीना देवीचं, कारण पेनेलोपीला विणकाम आणि अक्कल दोन्ही अथीनाने दिली असं मीच तिला सांगितलं होतं. पण घुबड काढलं तर सगळे घुबडाचाच टॅटू म्हणतील असं मला वाटतं. सुचवा प्लीज.

प्रतिसाद 1
अभिनंदन ताई, आधी सीएबद्दल! मी क्रोशे आणि स्वेटर करते त्यामुळे उसवण्यावर बोलू शकते. तुम्ही कधी जुना स्वेटर उसवलाय का? धागा सरळ निघत नाही. जिथे जिथे तो दुसऱ्या धाग्यावरून खालून गेलेला असतो तिथे त्याला वळ पडलेली असते, नागमोडी होऊनच बाहेर येतो, धुवून ताण देऊन वाळवल्याशिवाय सरळ होत नाही. विणलेल्या कापडाचा बाण्याचा म्हणजे आडवा धागा काढलात तरी बारीक बारीक लाटा दिसतात. तर तुमचे ताण्याचे धागे एकदम सरळ ठेवा आणि कापडाच्या कडेतून एकच नागमोडी धागा सुटून खाली आलेला दाखवा. न विणलेला धागा असा दिसूच शकत नाही, म्हणजे उसवलंय हे त्यातच आलं.

प्रतिसाद 2
एक शंका, राग मानू नका. प्राचीन ग्रीकांमध्ये गोंदणं ही शिक्षा होती, पळालेल्या गुलामांना गोंदायचे, स्टिग्मा हा शब्दच टोचण्याच्या क्रियापदावरून आलाय. उच्च कुळातली ग्रीक बाई अंगावर गोंदून घेणार नाही. मग पेनेलोपी अशी अंगावर काढणं विसंगत नाही का?

प्रतिसाद 3
वरच्यांना: शेजारच्या थ्रेसमध्ये उलट होतं, गोंदण म्हणजे कुलीनपणा, गोंदण नसणं कमीपणाचं, हे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनेच लिहिलंय. अथेन्सच्या भांड्यांवर पुराणकथेतल्या गायक ओर्फियसला मारणाऱ्या थ्रेशियन बायका काढल्यात त्यांच्या हातापायांवर गोंदण दिसतं.

धागाकर्तीला: नावापेक्षा विशेषण घ्या. होमर तिला पुन्हा पुन्हा पेरिफ्रॉन म्हणतो, पेरि म्हणजे भोवती, फ्रेन म्हणजे मन, चारी बाजूंनी विचार करणारी. कॅपिटलमध्ये 8 अक्षरं होतात आणि वरच्या खुणा घालाव्या लागत नाहीत. फक्त शेवटून दुसरं अक्षर ओमेगा आहे, ओमिक्रॉन नाही, स्टेन्सिल बघताना हे तपासाच कारण घाईत साधा गोल काढून मोकळे होतात. नावच हवं असेल तर होमरचं रूप पेनेलोपेया, 10 अक्षरं. त्या नावाचा संबंध काही जण बाण्याच्या धाग्याच्या ग्रीक शब्दाशी लावतात आणि काही जण एका जातीच्या बदकाशी.

आणि घुबडासाठी एक गोष्ट आहे. मागाची ती वजनं मातीची असायची, भोक पाडून भाजलेली, ग्रीक वस्त्यांच्या उत्खननात ढिगाने सापडतात. दक्षिण इटलीतल्या टारांटोकडच्या काही वजनांवर घुबडाचा छाप आहे आणि त्या घुबडाला माणसाचे हात आहेत, त्या हातांनी ते लोकर काततंय. आईंना दाखवा.

धागाकर्ती
किती छान लिहिलंय सगळ्यांनी, मनापासून थँक्यू. नागमोडी धागा वाचल्या वाचल्या मी आईच्या चिंध्यांच्या पिशवीतला खणाचा एक तुकडा घेतला आणि काठाजवळून आडवा धागा ओढून काढला. खरंच आहे! पांढऱ्या कागदावर ठेवला तर इतक्या बारीक लाटा की बोटाने दाबला तरी परत तशाच. फोटो काढून आर्टिस्टला पाठवलाय.

प्रतिसाद 2, राग अजिबात नाही, हे मला माहीतच नव्हतं. पण मी तिची नक्कल करत नाहीये, मी तिची गोष्ट माझ्या घरच्या रीतीने अंगावर घेतेय आणि माझ्या घरात आजीपर्यंत सगळ्या बायका गोंदलेल्या आहेत.

कातणारं घुबड आईला दाखवलं. ती बराच वेळ मोबाईल हातात धरून बघत बसली, मग म्हणाली, हात आहेत गं याला.

तर आता डिझाइन असं ठरतंय. धागे कमी करायचे, फक्त पाच, मध्ये चांगली मोकळी जागा, म्हणजे शाई पसरली तरी मिसळणार नाहीत. वर कोपराकडे कापडाची छोटी पट्टी, तिच्या डाव्या कडेतून एक नागमोडी धागा सुटलेला. मधला सरळ धागा सगळ्यात लांब, थेट मनगटापर्यंत, आणि त्याच्या टोकाला मातीचं एकच वजन. त्या वजनावर घुबड बसवायचं होतं पण आर्टिस्ट म्हणतो एवढ्या छोट्या जागेत हात नीट येणार नाहीत, निदान अडीच तीन सेंटीमीटर तरी वजन हवं. मनगटाची नाडी जिथे लागते त्याच्या वर इतकं मोठं वजन चांगलं दिसेल का? की घुबड सोडून नुसतं भोक पाडलेलं त्रिकोणी वजन ठेवू आणि घुबड नंतर कधीतरी वेगळं काढू? पेरिफ्रॉन तूर्तास नको, शब्द आला की लोक चित्र बघायचं सोडून वाचायला लागतात.

आणि कोणी मनगटाच्या आतल्या बाजूला काढला असेल तर दुखतं किती तेही सांगा. तारीख अजून घेतली नाहीये कारण टॅटूनंतर 12 महिने रक्तदान करता येत नाही आणि आमच्या सोसायटीचं शिबिर पुढच्या महिन्यात आहे, ते करून मगच जाणार. सोबत आई येणार आहे.