मदत हवी आहे: अमेरिकेत ऑप्टोमेट्रीला जायचं तर कॉलेजात विज्ञानाचे कोणते विषय घ्यावेत आणि कोणत्या क्रमाने?

निळीशाई:

नमस्कार. मुलगी न्यू जर्सीतल्या स्टेट युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला आहे, मेजर (मुख्य विषय) सायकॉलॉजी. पुढे चार वर्षांचं ओडी (डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री, म्हणजे दृष्टी तपासणाऱ्या डॉक्टरची पदवी) करायचं असं तिनं नक्की केलंय. हायस्कूलमध्ये एपी (कॉलेजच्या पातळीची परीक्षा, गुण ५ पैकी) बायॉलॉजीत ५ आणि एपी कॅल्क्युलस एबीत ४ मिळाले होते, दोन्हींचे क्रेडिट कॉलेजनं दिले. जनरल केमिस्ट्री १ मध्ये मात्र सी प्लस आलाय. केमिस्ट्री २ आत्ता सुरू आहे.

मेजर बदलावा लागेल का? सी प्लस आलेला कोर्स पुन्हा करावा का? ऑर्गॅनिक केमिस्ट्री उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात उरकली तर चालेल का? फिजिक्स अल्जिब्रावालं घ्यावं की कॅल्क्युलसवालं? आणि ओएटी (ऑप्टोमेट्रीची प्रवेश परीक्षा) कधी द्यावी? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

भिंग:

मेजर बदलू नका. ऑप्टोमेट्रीच्या शाळा मेजर बघत नाहीत, ठरावीक विषय पूर्ण आहेत का ते बघतात. उलट सायकॉलॉजीचा एक कोर्स आणि स्टॅटिस्टिक्स बहुतेक शाळांना हवेच असतात, ते तिच्या मेजरमध्येच होऊन जातील.

सगळ्या शाळांची यादी तंतोतंत सारखी नसते, पण गाभा असा: बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री आणि फिजिक्स एकेक वर्ष लॅबसह; ऑर्गॅनिक निदान एक सेमिस्टर लॅबसह; बायोकेमिस्ट्री एक सेमिस्टर; मायक्रोबायॉलॉजी लॅबसह; ॲनाटमी-फिजिऑलॉजी; कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी आणि वर्षभर इंग्रजी. आवडत्या पाच-सहा शाळा निवडून त्यांच्या अटी एका तक्त्यात शेजारीशेजारी मांडा आणि प्रत्येक विषयात जी अट सर्वांत कडक असेल ती धरून चाला.

सी प्लसबद्दल. बहुतेक ठिकाणी सी किंवा त्यावरची श्रेणी चालते, त्यामुळे हा कोर्स पूर्ण झालेलाच आहे. पुन्हा करू नये. अर्ज ऑप्टॉमकॅस या सामायिक पोर्टलवरून जातो आणि तिथे दोन्ही वेळचे गुण जीपीएत (श्रेणींच्या सरासरीत) धरले जातात. तुमचं कॉलेज जुनी श्रेणी पुसत असलं तरी ऑप्टॉमकॅस पुसत नाही. तेवढाच वेळ केमिस्ट्री २ मध्ये बी प्लस किंवा ए आणण्यासाठी घालवला तर अर्ज वाचणाऱ्याला चढता आलेख दिसतो. मात्र सी माइनस आला असता तर माझं उत्तर वेगळं असतं, कारण तो बऱ्याच शाळांत ग्राह्य धरत नाहीत.

पण सी प्लस कशामुळे आला हे शोधा. ऑर्गॅनिकला लागणारा केमिस्ट्री १ चा भाग थोडकाच आहे: लुईस स्ट्रक्चर, फॉर्मल चार्ज, रेणूंचे आकार, हायब्रिडायझेशन, इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी. गुण मोलच्या गणितांत गेले असतील तर ऑर्गॅनिकला फार बाधा येणार नाही. या पाच गोष्टींत गेले असतील तर मेकॅनिझममध्ये (रिॲक्शन पायरीपायरीनं कशी घडते ते दाखवताना) बाण कुठून कुठे काढायचा हेच कळणार नाही, आणि मग पाठांतर सुरू होतं. ते पहिल्या परीक्षेपर्यंत टिकतं, पुढे नाही.

प्रयोगवही:

भिंग यांच्याशी सहमत. ऑर्गॅनिक उन्हाळ्यात करण्याला माझा विरोध आहे. एका सेमिस्टरचा १४-१५ आठवड्यांचा अभ्यास तिथे पाच-सहा आठवड्यांत कोंबलेला असतो. सोमवारी शिकवलेली रिॲक्शन गुरुवारच्या परीक्षेत येते, हाताला वळण लागायला वेळच उरत नाही. ज्या मुलीला केमिस्ट्री १ जड गेली तिनं हे करू नये. कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट बऱ्याच शाळा घेतात, पण मुख्य विज्ञान विषय आपल्या चार वर्षांच्या कॉलेजातच झालेले असले की अर्ज भक्कम दिसतो. उन्हाळ्यात इंग्रजी किंवा स्टॅटिस्टिक्स उरकून टाका.

लॅबकडे दुर्लक्ष नको. ऑर्गॅनिकच्या लॅबमध्ये रिक्रिस्टलायझेशन (पदार्थ विरघळवून पुन्हा शुद्ध स्फटिक मिळवणं) हमखास फसतं, कारण मुलं सॉल्व्हंट सढळ हातानं ओततात आणि थंड केल्यावर स्फटिक येतच नाहीत. उकळता सॉल्व्हंट थोडा थोडा घालावा, पदार्थ जेमतेम विरघळला की थांबावं. जास्त पडलाच तर उकळून आटवावा. मेल्टिंग पॉइंट अपेक्षेपेक्षा खाली आला आणि वितळणं पाच-सहा अंशांत पसरलं, तर पदार्थ ओला आहे किंवा अशुद्ध आहे.

मायक्रोबायॉलॉजीत ग्रॅम स्टेनचंही (जीवाणू रंगवून दोन गटांत ओळखायची चाचणी) तसंच. अल्कोहोलनं धुताना काही सेकंद जास्त झाले की ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूही जांभळा रंग सोडतात आणि गुलाबी दिसतात. हा विषय पुढे थेट उपयोगी पडतो: काँटॅक्ट लेन्समुळे होणाऱ्या कॉर्नियाच्या जंतुसंसर्गात स्यूडोमोनास वारंवार भेटतो, आणि तो ग्रॅम-निगेटिव्ह असतो.

कोर्सच्या नावाला भुलू नका. नर्सिंगसाठीची केमिस्ट्री, विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठीचं बायॉलॉजी किंवा लॅब नसलेलं फिजिक्स चालत नाही. कॅटलॉगमध्ये तो कोर्स सायन्स मेजरसाठी आहे का, एवढं बघा. ॲनाटमी-फिजिऑलॉजी १ आणि २ असे भाग असतील तर दोन्ही करा. बहुधा पहिल्यात हाडं, स्नायू आणि मज्जासंस्था असतात, दुसऱ्यात हृदय, मूत्रपिंड, अंतःस्रावी ग्रंथी. एकच भाग केला तर मधुमेह आणि रक्तदाब राहून जातात, आणि डोळ्याच्या पडद्यावर पुढे सतत दिसतात ते नेमके हेच दोन आजार.

एपी बायॉलॉजीचे क्रेडिट काही शाळा घेतात, काही त्याऐवजी वरच्या पातळीचा कोर्स मागतात. सेल बायॉलॉजी किंवा जेनेटिक्स लॅबसह घेतलं की दोन्हीकडे निभावतं.

भिंग:

फिजिक्सचं राहिलं होतं. अल्जिब्रावालं बहुतेक शाळांना पुरतं. कॅल्क्युलसवाल्यात एक खाच आहे: बऱ्याच कॉलेजांत ते इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी आखलेलं असतं, १ मध्ये मेकॅनिक्स, २ मध्ये वीज आणि चुंबकत्व, आणि प्रकाश ढकलला जातो ३ मध्ये. म्हणजे दोन सेमिस्टर घासून आपल्याला हवं ते हाती लागतच नाही! अल्जिब्रावाल्या २ मध्ये भिंगं आणि आरसे सहसा असतात. तरी नोंदणीआधी सिलॅबस उघडून प्रकाशाला किती आठवडे दिलेत ते बघा.

हे इतकं ठासून सांगतोय कारण ओडीच्या पहिल्या वर्षात जॉमेट्रिकल ऑप्टिक्स येतं आणि तिथे भाषा बदलते. फिजिक्समध्ये फोकल लेंग्थ असते, तिथे डायॉप्टर, म्हणजे १ भागिले मीटरमधलं अंतर. वस्तू भिंगापासून ५० सेंटिमीटरवर असेल तर भिंगाशी पोचणाऱ्या किरणांची व्हर्जन्स (किरण किती पसरतात किंवा एकवटतात त्याचं माप) उणे २ डायॉप्टर. भिंग अधिक ५ चं असेल तर बाहेर पडताना अधिक ३, म्हणून प्रतिमा १०० भागिले ३, म्हणजे सुमारे ३३ सेंटिमीटरवर. मुलं चुकतात ती चिन्हांत, कारण पाठ्यपुस्तकागणिक चिन्हांचा संकेत निराळा असतो. तिनं किरणाकृती काढायची सवय आत्ताच लावावी. आकृती बरोबर असेल तर चुकलेलं चिन्ह लगेच डोळ्यांत भरतं.

निळीशाई:

दोघांचेही मनापासून आभार. मग क्रम कसा लावू? ऑर्गॅनिक आणि फिजिक्स एकाच वर्षी झेपेल का?

प्रयोगवही:

जनरल केमिस्ट्री, मग ऑर्गॅनिक, मग बायोकेमिस्ट्री ही साखळी तुटता कामा नये, कारण प्रत्येकीला आधीचीची अट असते. बाकीचं हिच्याभोवती बसवायचं. मी असं सुचवेन: दुसऱ्या वर्षी ऑर्गॅनिक १ आणि २, सोबत सेल बायॉलॉजी. तिसऱ्या वर्षी फिजिक्स १ आणि २, पहिल्या सत्रात बायोकेमिस्ट्री, दुसऱ्यात मायक्रोबायॉलॉजी. ॲनाटमी-फिजिऑलॉजी चौथ्या वर्षी. एका सत्रात दोनपेक्षा जास्त लॅब नकोत. सगळे विषय अर्ज करतानाच पूर्ण असावे लागत नाहीत, कुठले कधी करणार ते अर्जात लिहायचं आणि ऑगस्टमध्ये शाळा सुरू होण्याआधी संपवायचे.

भिंग:

ऑर्गॅनिक आणि फिजिक्स दुसऱ्याच वर्षी एकत्र करून पुढच्या उन्हाळ्यात ओएटी देणं हा माझा नेहमीचा सल्ला, पण या सी प्लसनंतर प्रयोगवही यांचा क्रम बरा. ओएटी मग तिसऱ्या वर्षानंतर, फिजिक्स ताजं असताना, मेअखेर किंवा जूनमध्ये. ऑप्टॉमकॅस त्याच सुमारास, जूनअखेर ते जुलैत उघडतं. अनेक शाळा अर्ज येतील तसे जागा भरत जातात, म्हणून डिसेंबरपर्यंत ताणू नये.

परीक्षेत बायॉलॉजीचे ४०, जनरल केमिस्ट्रीचे ३० आणि ऑर्गॅनिकचे ३० प्रश्न मिळून ९० मिनिटं असतात. फिजिक्सचे ४० प्रश्न ५० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ७५ सेकंद. शिवाय वाचन आणि गणित. गुण २०० ते ४०० मध्ये. कॅल्क्युलेटर मिळतो तो फक्त गणिताच्या भागात, पडद्यावर. फिजिक्सला नाही, तेव्हा ९.८ ऐवजी १० धरून अंदाजानं उत्तर काढायचा सराव हवा.

आणि ऑर्गॅनिक २ टाळू नका. शाळेची अट एकाच सेमिस्टरची असली तरी ओएटीत ॲरोमॅटिक आणि कार्बोनिल रिॲक्शन येतात, त्या दुसऱ्या सेमिस्टरमध्येच शिकवतात. बायोकेमिस्ट्री आणि मायक्रोबायॉलॉजी परीक्षेत स्वतंत्रपणे नाहीत, म्हणून त्या मागे राहिल्या तर बिघडत नाही.

निळीशाई:

शेवटची शंका. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात तिनं एक इंग्रजीचा कोर्स केला होता. तो आत्ताच्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) ट्रान्सफर क्रेडिट म्हणून दिसतो. तेवढं पुरे ना?

प्रयोगवही:

नाही. जिथे जिथे कॉलेज क्रेडिट मिळाला त्या प्रत्येक ठिकाणचं मूळ ट्रान्सक्रिप्ट ऑप्टॉमकॅसला स्वतंत्रपणे जावं लागतं, हायस्कूलच्या काळातलं असलं तरी. ते पोचेपर्यंत अर्जाची पडताळणी अडून राहते. कम्युनिटी कॉलेजातलं तिचं लॉगिन अजून चालतं का ते आत्ताच तपासून घ्या. अर्ज उघडल्यावर ऑप्टॉमकॅसवरून ट्रान्सक्रिप्ट मागणीचा फॉर्म उतरवून घ्या आणि तो कॉलेजच्या रजिस्ट्रारकडे द्या, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट तिच्याच अर्जाला जोडलं जाईल.