परदेशी शिकायला जाताना पैसे कसे उभे केलेत? (अनुभव धागा)

पावसची_लेक

काल पुतण्याचा फोन आला. "आत्या, बँकेला तुझी सही लागतेय." त्याला आयर्लंडला प्रवेश मिळालाय. घर अजून आजोबांच्याच नावावर, म्हणून सगळ्या वारसांची संमतीपत्रं. फोन ठेवला आणि २०११ चा जून आठवत बसले.

मला इंग्लंडला एक वर्षाच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला होता. पौंड तेव्हा सत्तरीच्या थोडा वर. व्हिसासाठी उरलेली फी आणि राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दिसायला हवा. एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बाबांनी पुढच्या हंगामाची बाग आधीच कराराने देऊन उचल घेतली. आईच्या पाटल्या, मामाची एफडी, बाकी पतपेढी. ५ जूनला सगळे मिळून साडेनऊ लाख खात्यात पडले.

त्यानंतर आठवडाभरात वाऱ्याने माजघरावरची कौलं गेली. बाबा म्हणाले, "त्यातला रुपया काढायचा नाही." वर ताडपत्री बांधली आणि खाली पातेली मांडून आम्ही झोपत होतो. आई सकाळी उठून आधी कॅलेंडरवर फुली मारायची, मग चूल पेटवायची. ३ जुलैला बाबा बँकेतून शिक्का मारलेलं स्टेटमेंट घेऊन आले. स्वतः चिंब भिजलेले, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून शर्टाच्या आत ठेवलेला कागद कोरडा.

त्याची झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे. तुम्ही कसं जमवलंत? लिहा ना.

देवगडकर७७

आमच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं. त्यातले दोघे कधीच वारले, वारस डोंबिवलीला आणि बडोद्याला. बँकेला साडेसात लाखांच्या वर तारण हवं होतं, आणि तेही बिगरशेती. चारशे कलमं असून उपयोग शून्य. शेवटी काकांनी कुडाळचा ब्लॉक तारण दिला. ते उपकार मी विसरणार नाही.

मी २०१३ ला अमेरिकेत गेलो. मे महिन्यात कर्ज मंजूर झालं तेव्हा डॉलर ५५ च्या आसपास, ऑगस्ट संपताना ६८ च्या वर. कर्ज रुपयात, फी डॉलरात. दोन लाखांवर खड्डा पडला. पडवीमागचे तीन फणस तोडायला दिले, आजीने लावलेले. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

दर्यासारंग

फणसाचा वाचून गळो दाटलो रे. माझी आवस म्हणाली होती, "झिला, घर गहाण पडला तरी चलात, तू जा." बाकीचा रात्री लिवतंय, आता बंदरावर जातंय.

सुपारीवाली

मी श्रीवर्धनची. मुलगी जर्मनीत दुसऱ्या वर्षाला होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि एका दुपारीत सुपारीची बाग आडवी झाली. नारळ तर मोजलेच नाहीत. तिकडे करोनाने तिचं कॅफेतलं काम बंद पडलेलं. चार दिवस फोनला रेंज नव्हती, ती तिकडे रडतेय आणि आम्ही इकडे जिवंत आहोत हे सांगायलाही मार्ग नाही. रेंज आल्यावर तिचं पहिलं वाक्य, "आई, मी परत येते." मी म्हटलं, बाग पुन्हा लावता येईल, तू तिथेच थांब. सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात हे तिलाही माहीत होतं. दीराने तीन महिने तिचं घरभाडं भरलं. आता ती नोकरीला आहे आणि नव्या रोपांचा खर्च तिनेच केलाय.

पावसची_लेक

सुपारीवाली ताई 🙏 काय लिहू.

हर्णै_ते_म्युनिक

काकू, तुमच्या मुलीला नमस्कार सांगा. मी सध्या जर्मनीतच. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी नाही, सेमिस्टरचं वर्गणीसारखं शुल्क असतं. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आपल्याला सेमिस्टरला १५०० युरो पडतात, अर्ज करताना बघून घ्या. खरा डोंगर ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं. सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो, ते आधी भरायचे आणि इथे आल्यावर महिन्याला ९९२ हातात येतात. पैसे आपलेच असतात, पण एकदम उभे करायचे म्हणजे बाबांची झोप उडाली होती. होडीच्या इंजिनासाठी साठवलेले त्यांनी मला दिले, जुन्याच इंजिनावर दोन हंगाम काढले.

मंडणगड_एसटी

आमच्याकडे विकायला काही नव्हतंच. मला शिष्यवृत्ती मिळाली म्हणून जाता आलं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यात. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियाला गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, हे शाळेत दरवर्षी ऐकलेलं. माझं पत्र आलं तेव्हा आजोबांनी ते आधी फोटोसमोर ठेवलं, मग उघडलं.

तरी थंडीचे कपडे, बॅगा, पहिल्या महिन्याची सोय राहतेच. वाडीच्या मुंबई मंडळाने गणपतीत पावतीपुस्तक काढलं. कोणी ५१, कोणी ५०१. गिरणीतून रिटायर झालेल्या एका आजोबांनी २१ दिले आणि म्हणाले, बर्फाचा फोटो पाठव. पाठवला.

देवगडकर७७

@मंडणगड_एसटी, भारी. यंदा तुमच्याकडे मोहोर कसा? आमच्याकडे थ्रिप्स किडीने पार वाट लावली.

मंडणगड_एसटी

आमचा काजू जास्त दादा. बी बरी आहे, दर नाही.

चिपळूणची_आई

लेकीला सप्टेंबरला जायचंय. प्लीज कोणीतरी सांगा, कर्ज काढावं की एफडी मोडावी? आणि ते टीसीएस काय असतं? यांना विचारलं तर चिडतात.

पासबुक

वहिनी, तीस वर्षं बँकेत काढली, म्हणून लिहितो. टीसीएस म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आपल्याकडून आधीच वसूल करते तो आयकर. १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून बाहेर पाठवलेल्या पैशावर टीसीएस नाही. स्वतःच्या पैशातून पाठवलेत तर वर्षाला १० लाखांच्या पुढच्या रकमेवर लागतो. तो बुडत नाही, विवरणपत्र भरताना वळता होतो. पण तोवर हातचे जातात, तेव्हा हिशोबात धरा. जुन्या करपद्धतीत असाल तर कर्जाच्या व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट आहे. म्हणून सगळी एफडी मोडू नका. पोर तिकडे आजारी पडली तर त्या दिवशी हाताशी काहीतरी हवं.

कागदांचं मात्र आजच बघा. घर सामाईक असेल तर गणपतीची वाट पाहू नका. चाकरमानी जमल्यावर सह्या घेऊ म्हणतात, तोवर कॉलेज सुरू झालेलं असतं. माझ्या टेबलावर अशी मुलं डोळ्यांत पाणी आणून बसलेली पाहिलीत.

चिपळूणची_आई

खूप आभार काका. घर सासऱ्यांच्या नावावरच आहे. आज जाऊबाईंना फोन करते.

पावसची_लेक

मी सकाळीच सही करून कागद स्पीड पोस्टाने टाकला. पुतण्याला म्हटलं, पोचला की लगेच कळव. आणखी एक, त्याला कोकमाचं आगळ न्यायचंय. बॅगेत चालतं का?

हर्णै_ते_म्युनिक

आगळ नको ताई, माझी बाटली दुबईतच फुटली, सगळे स्वेटर लाल. आमसुलं द्या, दोन पिशव्यांत बांधून.