रात्री कोणी बघणार नसेल, तर हृदयाच्या नोंदी घरून मागवू नयेत

लयवेध: पेसमेकर, आयसीडी (धोकादायक लय शॉक देऊन थांबवणारं यंत्र) आणि लूप रेकॉर्डर (त्वचेखाली बसवलेलं, फक्त लय टिपणारं यंत्र) यांच्या रुग्णांच्या घरून येणाऱ्या नोंदी तपासणं हे माझं रोजचं काम. माझं मत ठाम आहे: रात्री आणि सुट्टीच्या दिवशी नोंद कोण उघडणार हे ठरलेलं नसेल, तर ही सेवा सुरूच करू नये. हृदय दिवसाला सुमारे १ लाख वेळा ठोके देतं. यंत्र त्यातलं संशयास्पद तेवढंच पाठवतं, तरी खोट्या सूचना ढिगाने येतात. लूप रेकॉर्डरला ठोका नीट टिपता आला नाही, की तो हृदय थांबल्याचं कळवतो. खरोखर थांबलेलं हृदयही त्याच यादीत, कुठेतरी खाली. आणि रुग्ण निर्धास्त झोपतो, कारण पलीकडे कोणीतरी बघतंय अशी त्याची समजूत असते.

सांजवेळ: अजिबात पटलं नाही. माझ्या वडिलांचं एट्रियल फिब्रिलेशन (पक्षाघाताचा धोका वाढवणारी हृदयाची अनियमित लय) अशाच नोंदीत सापडलं. त्यांना काही जाणवतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितली तरी ती नोंद कामाचीच होती. २०१४ची इन-टाइम चाचणी बघा: हृदय कमकुवत असलेले ६६४ रुग्ण, त्यातल्या साधारण निम्म्यांच्या यंत्रांच्या वर्षभर रोजच्या नोंदी. त्या गटात १० मृत्यू, नेहमीच्या तपासण्यांच्या गटात २७.

लयवेध: त्या चाचणीत नोंदी बघायला वेगळं मध्यवर्ती पथक होतं, हे विसरू नका. २०१० च्या टेली-एचएफ चाचणीत हृदय कमकुवत असलेल्या १,६५३ रुग्णांपैकी साधारण निम्मे स्वयंचलित फोनवर रोज लक्षणं आणि वजन कळवणार होते. फायदा दिसला नाही. जर्मनीतल्या टिम-एचएफ२ चाचणीत (२०१८) डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास बसलेले होते. तिथे मृत्यू कमी झाले. दोन्हींत आणखीही फरक होते, पण मला हाच मोठा वाटतो.

मधलाठोका: सांजवेळ, सापडणं म्हणजे वाचणं नव्हे. २०२१ च्या लूप चाचणीत यंत्र बसवलेल्यांपैकी ३१.८ टक्के लोकांत एट्रियल फिब्रिलेशन सापडलं, इतरांत १२.२ टक्के. पक्षाघात मात्र लक्षणीय कमी झाले नाहीत. मी स्वतः पेसमेकरवाला. माझ्याच नोंदी मला का दिसत नाहीत, हा माझा वेगळाच राग आहे.

सांजवेळ: सरासरीचा हिशेब मान्य. पण चोवीस तास माणसं नेमायची अट घातलीत, तर छोटी केंद्रं सेवाच बंद करतील. मग माझ्या वडिलांसारख्यांनी पुढच्या तपासणीपर्यंत वाट बघायची? त्यापेक्षा यंत्र बसवतानाच लेखी द्या: नोंदी अमुक वेळेतच बघितल्या जातात, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर यंत्रावर विसंबू नका, थेट रुग्णालय गाठा.

लयवेध: लेखी द्याच, ते मला मान्य. पण २०२३ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमती-निवेदनात दर १,००० रुग्णांमागे किमान ३ पूर्णवेळ माणसं सुचवली आहेत. एकच माणूस असेल, तर ३०० च्या वर रुग्ण घेऊ नका.

सांजवेळ: आणि ३०१ वा?

लयवेध: त्याला दुसऱ्या केंद्राशी जोडून द्यायचं. न उघडलेल्या यादीत त्याचं नाव मी घालणार नाही.