आधी दोन स्पीकर, बाकीचे सवडीने

बी-२०३: नमस्कार मंडळी. नवीन टीव्ही लागला, पण पिक्चरमधलं बोलणं कळत नाही. आवाज वाढवला की मारामारीला घर दणाणतं. होम थिएटर घ्यायचं म्हणतोय, पण घराचे हप्ते चालू आहेत. गणपतीपर्यंत ४० हजार जमतील. एका खोक्यात पाच स्पीकर येतात तो सेट घेऊ का?

ए-३०१: साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घ्या नि मोकळे व्हा. वायरींचा पसारा नको.

सी-१०२: दादा, घाई करू नका. संध्याकाळी सविस्तर लिहितो, हा माझ्या आवडीचा विषय आहे.

सी-१०२: हां, आता बसलोय. साउंडबार वाईट नाही, जागा कमी असेल तर तोच घ्यावा. पण पुढे वाढवायचं असेल तर अडतं, कारण त्याला सहसा त्याच कंपनीचे ठरावीक मागचे स्पीकर चालतात. खोक्यातल्या स्वस्त सेटचे प्लगही बरेचदा त्यांचे त्यांचेच असतात. एक भाग बिघडला की सगळंच अडगळीत.
तुम्ही ५.१ चा (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर चालवणारा) एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकर वाजवणारी पेटी, आणि दोन चांगले बुकशेल्फ (फळीवर मावणारे) स्पीकर घ्या, आणि यंदा तिथेच थांबा. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सेंटर स्पीकर (टीव्हीपाशी मधोमध ठेवायचा) नाही असं सांगायचं. मग संवाद डाव्या-उजव्या दोघांतून सारखे येतात आणि मधोमध बसलात तर माणूस पडद्यातूनच बोलतोय असं वाटतं. पाच हलक्या स्पीकरपेक्षा हे दोन कितीतरी सरस वाजतील, आणि पुढे यातलं काहीच टाकून द्यावं लागणार नाही.

बी-२०३: मधोमध मी बसेन हो, पण पोरं कडेला लोळत असतात.

सी-१०२: त्यांना आवाज जवळच्या स्पीकरकडे ओढल्यासारखा वाटेल. म्हणून दुसरी खरेदी सेंटरची. पिक्चरमधलं बहुतेक बोलणं त्यातूनच येतं. तो पुढच्या दोघांच्याच मालिकेतला (कंपनीच्या त्याच सीरिजचा) हवा, नाहीतर पडद्यावर गाडी डावीकडून उजवीकडे गेली की मध्येच तिचा आवाज बदलतो. तेव्हा पहिले दोन घेतानाच त्या मालिकेत सेंटर मिळतो का ते विचारून ठेवा. मागचे दोन त्यानंतर, ते लहान असले तरी भागतं.

ए-१०१: आमच्या जावयाने तर आधी सबवूफरच आणला होता.

बी-१०३: भाऊजी, मी तुमच्या बरोब्बर खाली. सासूबाई नऊला झोपतात. सबचं ठरेल तेव्हा मला आधी सांगा.

सी-१०२: वहिनी, म्हणूनच सब शेवटी. खर्जाचा आवाज स्लॅबमधून खाली उतरतो, दारं-खिडक्या लावून काही उपयोग होत नाही. रिसीव्हरमध्ये सहसा ८० हर्ट्झची रेघ ठेवतात, त्याखालचं सगळं सबकडे जातं. इतका खालचा आवाज कुठून येतोय ते कानाला सहसा कळत नाही, त्यामुळे सब टीव्हीजवळच हवा असं नाही. जागा शोधायची तर सब थोडा वेळ सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, खर्जाचं गाणं लावायचं आणि भिंतीच्या कडेने कान जमिनीजवळ नेत फिरायचं. जिथे घुमत नाही आणि सूर वेगवेगळे कळतात, ती त्याची जागा. कोपऱ्यात ठेवला तर आवाज फुगतो. खाली जाड रबर घालायचं. आणि रात्री १० ते सकाळी ६ सब बंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे.

बी-१०३: चालेल. धन्यवाद.

सी-१०२: दादा, एक फुकटातलं. तुमच्या टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये नाइट मोड असेल तर आजच लावून बघा. मोठ्या आणि बारीक आवाजातली तफावत कमी होते.
आता मुख्य गोष्ट, जी दुकानदार सांगणार नाही. आपली सोसायटी रत्नागिरीत मुरुगवाड्याला, समोर समुद्र. खिडकीचे गज किती दिवस टिकतात ते आपण बघतोच. स्पीकर घेताना जाळी काढून शंकूभोवतीची कड बघा. फोमची कड दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटू लागते. रबराची घ्या. जुना स्पीकर मिळत असेल तर त्या कडेला बोट हलकेच लावा. चिकट लागली किंवा भुगा आला तर सोडून द्या.
वायरीत तर फार फसवतात. टोक सोलायचं आणि एक तार ब्लेडने खरवडायची. आतून चंदेरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. खाऱ्या हवेत ते लवकर खराब होतं. खरं तांबं आतपर्यंत लालसर असतं. त्यावरही पितळी भांड्यावर चढतो तसा हिरवा थर चढतो आणि आवाज खरखरतो. दर दिवाळीला टोक अर्धा इंच कापून नव्याने सोललं की झालं. बोटींसाठी कलई केलेल्या तांब्याची वायर येते, ती सगळ्यात उत्तम. मिरकरवाड्याला बंदरावर चौकशी करतो.

ए-३०१: मृगाच्या आधी वीज कडाडते त्याचं काय? गेल्या साली माझा सेटटॉप बॉक्स जळला.

सी-१०२: ढग दाटले की रिसीव्हरचा प्लग काढायचा, आणि डिशची नि इंटरनेटची वायरही. लोक नेमकं तेच विसरतात, वीज त्या वाटेनेही आत येते. घराचं अर्थिंग आधी तपासून घ्या, ते नसेल तर सर्ज प्रोटेक्टर नीट काम करत नाही. पावसाळ्यात रिसीव्हर रोज थोडा वेळ चालू ठेवा, उबेने आतली ओल जाते. पण चालू असताना वर फडकं घालू नका, हवा खेळायला हवी. आणि स्पीकरची खोकी पश्चिमेच्या भिंतीला चिकटवू नका. तिला ओल येते, आणि खोकं एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) असेल तर ते प्लायवूडपेक्षा जास्त फुगतं.

बी-२०३: टीव्हीला जोडायचं कसं?

सी-१०२: टीव्हीच्या मागे एआरसी लिहिलेलं एचडीएमआयचं भोक असतं, टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारं, त्यातून. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएम असेल तर बहुतेक टीव्हीतून रिसीव्हरला दोनच चॅनेल मिळतात. तिथे बिटस्ट्रीम किंवा ऑटो करा. नाहीतर पुढे पाच स्पीकर लावून दोनच वाजतील आणि तुम्ही दुकानदाराशी भांडाल.
दोन स्पीकर आणि सोफा मिळून समभुज त्रिकोण करा, वरचा छोटा ट्वीटर कानाच्या उंचीला. हॉलमध्ये टाळी वाजवून बघा. टाइल्समुळे झणझणली तर मध्ये सतरंजी अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा.

ए-१०१: मलाही वायर हवी. एकत्र रीळ आणूया का?

सी-१०२: आणूया काका. १४ गेजची (गेज म्हणजे जाडीचं माप). पुढचे दोन, सेंटर आणि मागचे दोन, सगळं आत्ताच धरा, मागची वायर नंतर ओढायची म्हणजे पुन्हा वायर झाकायच्या पट्ट्या उचकटाव्या लागतात. अंतर हवेतून नको, भिंतीच्या कडेने दाराच्या चौकटीवरून मोजा आणि प्रत्येक टोकाला एक मीटर जास्त लिहा. रविवारपर्यंत आकडे पाठवा.