‘डिस्प्ले फाँट’ला काय म्हणावं? ‘नटवं अक्षर’ चालेल का?

परभणीहून प्रश्न:
मोंढ्याजवळ माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “जरा डिझाइनचं अक्षर टाका.” त्याला हवं असतं गुबगुबीत, हसरं, वेलांटीला झोका दिलेलं अक्षर. बारसं, वाढदिवस, रसवंती, आइस्क्रीमचा गाडा, असली कामं. याला डिस्प्ले फाँट म्हणतात हे मला माहीत आहे, पण कामावरच्या पोरांना मराठीत सांगायचं तर अडतं. ‘शोभेचं अक्षर’ म्हटलं की शोभेची दारू आठवते. ‘सजावटी टंक’ म्हणजे तर परिपत्रकच. सारखं आरशापुढं उभं राहणाऱ्या पोराला आमची आजी ‘नटवं’ म्हणायची. ते इथं बसेल का?

अंबाजोगाईहून, निवृत्त शिक्षक:
बसेल, पण दोन गोष्टी वेगळ्या करा. अक्षराच्या घडणीला मराठीत ‘वळण’ म्हणतात. बालबोध वळण, मोडी वळण. कित्ता गिरवून हाताला वळण लागायचं, आणि पोराला वळण नाही म्हणतो तेव्हाही हाच शब्द कामाला येतो. छापखान्यात शिशाच्या अक्षरांना ‘खिळे’ म्हणत. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्याचं नाव झालं ते खिळ्यांच्या देखण्या वळणामुळं. खिळा ही वस्तू, वळण हा तिचा घाट. फाँट म्हणजे संगणकातले खिळे, तेव्हा ‘नटव्या वळणाचा फाँट’ म्हणा. ‘टंक’ टंकलेखनापुरता राहू द्या.

आता ‘नटवं’. यात टिंगल आहे, ती विसरू नका. नवरी लग्नात नटते, तिला कुणी नटवी म्हणत नाही. खुरपायला जातानाही जी काजळ-पावडर करून निघते, तिला म्हणतात. म्हणजे फ्लेक्सवरचं मोठं नाव नटलेलं, आणि त्याच फाँटात खालचा पत्ता, तारीख, निमंत्रकांची यादी घातली की ते झालं नटवं.

परभणी:
गुरुजी, नेमकं हेच माझ्या अंगाशी आलंय. धनेगावच्या एका कार्यक्रमाचा दहा बाय चारचा फ्लेक्स होता. मी सगळा मजकूर एकाच जाड्या फाँटात टाकला. ‘ध’च्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते, ‘घ’वर ती सलग जाते. अक्षर इतकं फुगलेलं की ती फट बुजली. लांबून सगळे ‘घनेगाव’ वाचायले! ‘भ’ आणि ‘म’चंही तसंच, एवढ्याशा फटीवर सगळं गाव उभं असतं. फ्लेक्स परत आला, पैसे माझे गेले. नटवं माझं अक्षर नव्हतं, मीच होतो.

नांदेडहून, पेंटर:
दादा, माझे वडील पाट्या रंगवायचे. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत, त्यामुळं १९४८ च्या आधी त्यांचा हात दोन्ही लिप्यांत बसला. देखण्या अक्षराला त्यांचा शब्द ‘खुशखत’. खत म्हणजे अक्षर, खुश म्हणजे छान. पाटी झाली की रस्ता ओलांडून पलीकडं जायचे आणि तिथून बघायचे. मी तरणा असताना उकाराला वेल काढायचो. ते पलीकडून ओरडायचे, “अक्षर नटूलालं, पण नाव दिसंना!” तुमचा शब्द आमच्या घरात तेव्हापासून आहे.

परभणी:
काका, हे वाक्य दुकानात लावतो. विचारायचं होतं, ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ फाँट बघितला का? फुकट मिळतो, देवनागरी आणि रोमन दोन्ही आहे. अक्षरं तुपात भिजून फुगल्यागत. पोटातली मोकळी जागा केसाएवढ्या रेघेवर आणलीय. मोठ्या आकारात ती रेघ खुलते, अक्षर हसतं. व्हिजिटिंग कार्डावर घातलं की रेघ बुजते आणि नुसता गोळा उरतो. फाँटाचा यात काय दोष? मोदक नैवेद्याला असतो, भाकरीच्या जागी नाही.

अंबाजोगाई:
तुमच्या उदाहरणातून अजून एक छटा निघते. नटवं आणि नट. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींसाठी रंगवली. त्यांचं अक्षर नाटकाचा भाव घेऊन उभं राहायचं. ते नटायचं नाही, अभिनय करायचं. ‘मोदक’ मला त्या घरचा वाटतो, कारण नाव आणि अंग एकच गोष्ट सांगतात. हत्ती-घोडे चिकटवलेले, प्रत्येक मात्रेला फूल लावलेले फाँट मात्र निव्वळ नटवे. ‘खेळकर’ हा शब्द पहिल्या जातीसाठी राखून ठेवू.

नांदेड:
आणि नवा फाँट घेतला की ‘कुऱ्हाड’ टाइप करून बघा. हिंदीपुरता बनवलेला असला तर ‘ऱ्ह’ला अडू शकतो, जोडाक्षर मोडून बसतो. नाव कुऱ्हाडे असलं तर गिऱ्हाईक भांडायला येतंच.

परभणी:
संगणकावर दोन फोल्डर केले, ‘खेळकर’ आणि ‘नटवे’. काल तेराव्याची पत्रिका आली आणि कामावरचं पोरगं थेट ‘नटवे’त शिरलं. म्हटलं, “आधी बाहेर ये तिथून.” अर्थ सांगावा लागला नाही.