मदत हवी आहे: मराठीत बोलणारा समुपदेशक बेळगाव परिसरात कुठे मिळेल?

माझा धाकटा भाऊ २०२० च्या टाळेबंदीत मस्कतमध्ये अडकला होता. २३ मार्चपासून भारतात येणारी नेहमीची आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली. एका खोलीत आठ जण, काम नाही, पगार नाही, आणि अडकलेल्यांना परत आणणाऱ्या सरकारी वंदे भारत मोहिमेच्या विमानात नंबर कधी लागेल याची रोज चौकशी. आता तो खानापूर तालुक्यात घरीच असतो, पण पासपोर्ट अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून उशीखाली ठेवतो, आणि कुणी नुसते खोकले तरी उठून अंगणात जाऊन बसतो.

थायरॉईड, साखर, रक्तदाब तपासून झाले असून सर्व ठीक आहे. तो दारू पीत नाही, आणि जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारले असता त्याने नाही म्हटले. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली होती; तिने झोप लागली, धास्ती गेली नाही. एकदा सरकारी मानसोपचार विभागातही नेले, परंतु तिथले बोलणे कन्नडमधून, आणि हा मराठी शाळेत शिकलेला, त्यामुळे मला दुभाषा व्हावे लागले. माझ्यासमोर तो मोकळा होत नाही, हीच खरी अडचण आहे.

कोल्हापूर बेळगावहून सुमारे ११० किलोमीटर असल्याने दर आठवड्याला जाणे जमणार नाही. म्हणून बेळगाव किंवा निपाणीत मराठीतून समुपदेशन करणारे कुणी अनुभवाने ठाऊक आहे का? आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कर्नाटकातल्या सिमवरून फोन केल्यास मराठी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्षात मिळते का, आणि पुढच्या वेळी तीच व्यक्ती मागता येते का?