अतिथिप्रेम आणि पाहुणचार, एकच का?

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात १३ व्या अध्यायात "अतिथिप्रेम" असा शब्द आलाय. आमच्या चर्चमधे बोलताना हा कुणी वापरत नाही, सगळे पाहुणचारच म्हणतात. अर्थ एकच ना, का काही फरक आहे?

— फरक आहे आणि बराच आहे. मूळ ग्रीक शब्द फिलोझेनिया, त्यातला झेनोस म्हणजे परका, परमुलखातला माणूस, झेनोफोबिया म्हणजे परक्यांची भीती, त्यातला झेनो तोच. आणि आदल्याच ओळीत बंधुप्रेम आहे बघा, तिथे ग्रीकमधे फिलाडेल्फिया, म्हणजे आधी भावाभावांतलं प्रेम टिकवा आणि लगेच पुढे परक्यावरचं प्रेम विसरू नका, अशी जोडीच आहे ती, आणि मराठीत बंधुप्रेम-अतिथिप्रेम करून ती राखलीय हे मला फार आवडतं. पाहुणचार लिहिलं असतं तर जोडी गेलीच असती, शिवाय आपल्याकडे पाहुणा म्हटलं की बहुतेक वेळा सोयराच डोळ्यापुढे येतो, "ते आमचे पाहुणे लागतात" म्हणतो ना आपण. सोयऱ्याला जेवू घालायला कुणी सांगावं लागत नाही हो, पत्रात सांगितलंय ते अनोळखी माणसाबद्दल.

— पण आमच्या कोल्हापूरकडं अनोळखी माणसालाच पावणं म्हणतात की. एसटीत शेजारी कोण बसलं की "काय पावणं, कुठलं गाव?"

— हो, आणि ते फार छान आहे, कारण झेनोसचं पण तसंच आहे, परका तोच, पाहुणा तोच आणि यजमानसुद्धा तोच! बायबलमधल्याच रोमकरांस पत्राच्या शेवटी ते लिहिणारा पौल गायस नावाच्या माणसाला आपला झेनोस म्हणतो, तिथे अर्थ यजमान.

— यात शेजारी शब्दपण घ्या. "शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर" मधला शेजारी म्हणजे भिंतीला भिंत असलेला नव्हे. माझा शेजारी कोण असं शास्त्र्याने विचारल्यावर येशूने गोष्ट सांगितली ती शोमरोनी माणसाची, ज्यांच्याशी यहुदी लोकांचं अजिबात पटत नव्हतं. त्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले, म्हणजे साधारण दोन दिवसांची मजुरी, आणि वर जास्त खर्च झाला तर परत येताना देतो म्हणाला. त्या उतारशाळेचा ग्रीक शब्द पांदोखेइओन, सगळ्यांना घेणारी जागा. अरबीतला फुंदुक म्हणजे हॉटेल, तो यातूनच आला.

— आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर पंडिता रमाबाई. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणून त्यांना आसरा दिला, केडगावचा त्यांचा मुक्ती आश्रम त्यातूनच वाढला. याला पाहुणचार म्हणवत नाही, अतिथिप्रेम शोभतं. आणि बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत आणायचं कामही त्याच बाईंनी केलं, हे कितीजणांना माहीत असतं?

— मग सरळ "परक्यावर प्रेम" का नाही लिहिलं?

— अतिथीत ते येतंच की, न कळवता दारात आलेला माणूस, तो ओळखीचाच असावा असं त्या शब्दात कुठेच नाही. मनुस्मृतीत तर एकच रात्र राहणारा ब्राह्मण तो अतिथी अशी व्याख्याच आहे.

— मुक्कामाची अशी मर्यादा ख्रिस्ती लोकांतही होती. दिदाखे म्हणून फार जुनं पुस्तक आहे, सुरुवातीच्या मंडळ्यांचे, म्हणजे चर्चचे, नियम आहेत त्यात. वाटसरू आला तर जमेल तेवढी मदत करा, पण त्याने दोन फार तर तीन दिवस राहावं. कायमचं राहायचं म्हणाला आणि हातात कसब असेल तर काम करून खाऊ दे. कसब नसेल तर तुम्ही आपलं डोकं लावून त्याची सोय बघा, रिकामा बसता कामा नये. मला यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणजे ज्याला कायमचं राहायचंय त्याला तीन दिवस झाले आता जा असं सांगायचं नाही, उलट त्याला कामाला कसं लावायचं ते मंडळीने बघायचं.